तटबंदी, कोळसा आणि पाहुणे

चंद्रपूरचे नाव घेतले की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात : जमिनीखालचा कोळसा आणि ताडोबाचा वाघ. तिसरी गोष्ट शहरात राहणाऱ्यांनाही पटकन आठवत नाही. ती म्हणजे शहराभोवतीची तटबंदी.

उर्दूत आपण जिला 'फसील' म्हणतो, तिलाच मराठीत तटबंदी किंवा परकोट म्हणतात. चंद्रपूरची तटबंदी गोंड राजांनी बांधली. तिची लांबी सुमारे ११ किलोमीटर आहे. तिला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे आहेत. शिवाय पाच लहान वाटा आहेत. त्यांना 'खिडकी' म्हणतात. या खिडकीतून माणूस नुसता डोकावत नाही, तर चक्क पलीकडे जातो!

पुढे कोळशाच्या खाणी निघाल्या, १९८३ पासून औष्णिक वीज केंद्र सुरू झाले आणि हजारो हातांना काम मिळाले. पण त्याबरोबर धूर आणि राखही आली. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा प्रदूषणात चंद्रपूरचा चौथा क्रमांक लागला. शिवाय कोळसा काही पुन्हा उगवत नाही. मग उद्या या शहराने काय करावे?

जर्मनीतील एसेन शहरापुढे हाच प्रश्न होता. तेथील त्सोलफराइन ही मोठी कोळसा खाण १९८६ साली बंद पडली. लोकांनी ती पाडली नाही. २००१ साली तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि आज जगभरचे लोक ती पाहायला येतात. आपल्याकडेही नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे २०१६ साली खाण पर्यटन सुरू करण्यात आले.

मात्र पाहुणे आले म्हणजे सर्व काही साधले, असे नाही. पाहुण्यांमुळे जंगल, पाणी आणि जुन्या वास्तू खराब होऊ नयेत व गावकऱ्यांनाही लाभ व्हावा, अशा पर्यटनाला 'शाश्वत पर्यटन' म्हणतात. ताडोबात किती गाड्या सोडायच्या हे ठरलेले असते. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद ठेवतात. सफारीची नोंदणी संगणकावरून किंवा मोबाईलवरून घरबसल्या करता येते. जवळपासच्या गावांतील तरुण-तरुणी वाटाड्याचे काम करतात. हे चांगलेच आहे. पण एक गोष्ट विसरता येत नाही. वाघ पाहणारा पाहुणा जिप्सीत बसलेला असतो, तर तेंदूपाने वेचणारी बाई त्याच जिल्ह्यातील जंगलात पायी फिरते. वाघाच्या हल्ल्यात जीव जातो तो अशांचाच. त्यांच्या सुरक्षिततेचा खर्च पर्यटनाच्या उत्पन्नातून आधी निघाला पाहिजे, असे मला वाटते.

तटबंदीचे काय झाले? अनेक वर्षे तिच्यावर झाडेझुडपे माजली होती, कचरा साचला होता. मुळे दगडांच्या सांध्यांत शिरली की भिंत फुटते. २०१७ साली 'इको-प्रो' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी कुऱ्हाडी, विळे, फावडी घेऊन सफाई सुरू केली. काम एका दिवसाचे नव्हते. ते महिनोन्‌महिने चालले. त्यानंतर संस्थेने लोकांना तटावरून फिरवण्यासही सुरुवात केली.

आता पाहा, तटावर चढायचे तर दगडी पायऱ्या! म्हातारी आजी, चाकाच्या खुर्चीवरील मुलगा किंवा अंध मनुष्य यांनी काय करावे? जुन्या भिंतीला धक्का न लावता खाली सपाट वाट करता येईल, माहिती ब्रेल लिपीत लावता येईल. सर्वांना जाता-येता येईल अशा सोयींना 'सुगम' सोयी म्हणतात. त्यासाठी फार मोठी यंत्रे लागत नाहीत.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात प्रश्न आणखी वेगळा आहे. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्मांचे उद्यान आहे. तेथे दगड झालेली प्राचीन झाडे पाहायला मिळतात. कमलापूरला सरकारी हत्ती कॅम्प आहे. तेथील हत्ती गुजरातला हलवण्याची गोष्ट २०२२ साली निघाली, तेव्हा स्थानिक लोकांनी मोठा विरोध केला. हत्ती हा त्यांच्यासाठी केवळ तमाशा नव्हता. त्याच्यामुळे त्यांच्या गावाचे नाव झाले होते. पण अशा ठिकाणी पोहोचणे सोपे नाही. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद पडायचा, हे तेथील लोकांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. मोबाईलवर तिकीट काढता आले, तरी पूल पाण्याखाली असेल तर पाहुणा अलीकडेच थांबतो आणि पलीकडचा रुग्णही पलीकडेच राहतो.