गाडीचा एसी : आधी गळती, मग गॅस

एप्रिल लागला की गॅरेजांपुढे गाड्यांची रांग लागते आणि निम्म्या गाड्यांची तक्रार एकच असते : एसी गार करत नाही. निदानही बहुधा तयारच असतं. ‘गॅस कमी झालाय, टॉप-अप मारून देतो.’ डबा लावला जातो, थोड्याच वेळात थंड हवा येऊ लागते आणि गाडीमालक समाधानानं पैसे देऊन निघतो. पुढच्या उन्हाळ्यात, कधी कधी तर दिवाळीच्या आतच, तीच गाडी त्याच दारात पुन्हा उभी राहते. आता तोच डबा नळी आणि गेजसकट ऑनलाइन मिळतो. मग गॅरेजचे हेलपाटे कशाला, सोसायटीच्या पार्किंगमध्येच काम उरकू, असं अनेकांना वाटू लागलं आहे.

अमेरिकेत हा प्रकार कित्येक वर्षांपासून रुळलेला आहे. तिथे स्पेअर पार्टच्या दुकानात १२ औंसांचा, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमचा डबा सहज मिळतो आणि माणसं घरासमोर गाडी उभी करून स्वतः गॅस भरतात. युरोपीय संघानं मात्र एकदाच वापरून फेकायच्या अशा डब्यांवर २००७ सालीच बंदी घातली. एकाच कामाकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा का पडल्या, हे समजायचं तर बॉनेटखाली नेमकं काय चालतं ते आधी पाहायला हवं.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही आणि इंजिन ऑइलसारखा जुनाही होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या वाऱ्यानं त्याची उष्णता निघून जाते आणि त्याचा द्रव होतो. ड्रायरमध्ये त्यातला ओलावा शोषला जातो. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून हा द्रव पलीकडे गेला की त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सियसलाच उकळतो. त्याच्या अंगचा हाच गुण गाडी गार करतो, आणि हाच गुण उघड्या हातावर फवारा उडाला तर कातडी गोठवतो.

छोट्या गाडीत हा गॅस साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असतो. मागच्या सीटसाठी वेगळी कॉइल असलेल्या मोठ्या गाड्यांत तो बराच जास्त असतो. नेमका आकडा आणि गॅसचा प्रकार बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. रबरी नळ्या आणि जोडांतून वर्षाकाठी काही ग्रॅम गॅस झिरपतो, तेवढं गृहीतच धरलेलं असतं. युरोपच्या नियमांनी एका कॉइलच्या गाडीसाठी ही झीज वर्षाला जास्तीत जास्त ४० ग्रॅम ठरवली होती. म्हणजे धडधाकट गाडीला काही वर्षं गॅसकडे पाहावंच लागू नये. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो, याचा अर्थ गाडी गळते आहे. अशा गाडीत नुसता टॉप-अप मारणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरत राहण्यासारखं आहे.

त्याहून आधीचा प्रश्न असा, की गॅस खरंच कमी झालाय का? एसी गार न करण्याची कितीतरी कारणं गॅसशी निगडित नसतात आणि ती तपासायला हत्यारंही लागत नाहीत. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर धुळीनं चोंदलेला असेल, तर कॉइल बर्फासारखी गार असूनही हवाच पुढे येत नाही. कंडेन्सरच्या पात्यांत चिखल, किडे आणि कापूस अडकला असेल, तर उष्णता बाहेर टाकली जात नाही. कंडेन्सरचा पंखा बंद पडला असेल, तर हायवेवर एसी छान चालतो आणि सिग्नलला थांबताच गरम हवा येऊ लागते. ही खूण इतकी स्पष्ट आहे की ती सांगितल्यावर चांगला मेकॅनिक गॅसचं नावही काढत नाही, आधी पंख्याच्या रिलेला हात घालतो.

कॉम्प्रेसरला साधा क्लच असलेल्या गाड्यांत आणखी एक परीक्षा कानानं करता येते. बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून कुणाला तरी एसीचं बटण दाबायला सांगायचं. कॉम्प्रेसरच्या पुलीवरून ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची चकती फिरू लागते. चकती फिरलीच नाही, तर फ्यूज, रिले, क्लचची कॉइल यांपैकी काहीतरी गेलेलं असू शकतं किंवा गॅस इतका उतरलेला असतो की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. चकती काही सेकंदांत लागत-सुटत राहिली, तर गॅस कमी असण्याचा संशय बळावतो. मग नळ्यांचे जोड निरखून पाहायचे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून काळपट थर बसतो. साबणाचा फेस लावला की तिथे बुडबुडे दिसतात. पुढच्या जाळीतून उडालेल्या खड्यांनी कंडेन्सरला भोक पडतं, किनारपट्टीवर खारट वारा त्याच्या नळ्या खातो. सर्वांत त्रासदायक असते ती कूलिंग कॉइलची गळती, कारण बऱ्याच गाड्यांत तिथवर पोहोचायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आणि नेमकी तीच दुरुस्ती टाळण्यासाठी वर्षानुवर्षं टॉप-अप मारले जातात.

घरी गॅस भरणाऱ्यांचा सगळा भरवसा असतो डब्यावरच्या छोट्या गेजवर. काटा हिरव्या पट्ट्यात आला की काम झालं, असं डब्यावर लिहिलेलं असतं. इथेच मोठी फसगत होते. इंजिन बंद असताना नळ्यांमध्ये थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी आतला दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय भरतो, मग आत २०० ग्रॅम असो की ५००. इंजिन चालू असताना लो साइडचा, म्हणजे कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीतला दाब बाहेरचा उकाडा, पंख्याचा वेग, इंजिनचे आरपीएम या सगळ्यांनी हलतो. एक्सपान्शन व्हॉल्व्ह तुंबला असेल, तर लो साइडचा काटा खाली पडतो. घरी भरणारा समजतो गॅस कमी आहे, आणि पुरेशा गॅसवर आणखी गॅस चढवतो. जाणकार एसीवाला म्हणूनच लो आणि हाय, दोन्ही बाजूंचे गेज एकदम लावतो.

जास्त गॅस भरला की जास्त गार होईल, हा समज तर सरळ उलटा आहे. जादा द्रव कंडेन्सरमध्ये साचतो, उष्णता बाहेर टाकायला तिथे जागा उरत नाही, हाय साइडचा दाब चढतो आणि थंडावा कमी होतो. कॉम्प्रेसरवर ताण येतो. त्यात द्रव शिरला तर तो मोडू शकतो, कारण तो वायू दाबण्यासाठी घडवलेला आहे, द्रव नव्हे. गॅस कमी राहिला तरी नुकसान कॉम्प्रेसरचंच होतं. तेल परत आणणारा प्रवाह मंदावतो आणि आतले भाग कोरडे घासू लागतात. चारशे ग्रॅमच्या गाडीत शंभर ग्रॅमची चूक म्हणजे पावपट चूक झाली. गेजच्या काट्यावर ती ओळखू येईलच असं नाही, वजनकाट्यावर मात्र लपत नाही.

खरी पद्धत त्यामुळेच वजनाची आहे. आधी मशीननं उरलेला गॅस टाकीत ओढून घ्यायचा आणि तो किती निघाला ते पाहायचं. गळती शोधून तो भाग किंवा ओ-रिंग बदलायची. मग व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवायचा. दाब इतका उतरला की नळ्यांत शिरलेला पाण्याचा अंश साध्या तापमानालाही उकळून निघून जातो. तो आत राहिला तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी त्याचा बर्फ होतो, शिवाय गॅस आणि तेलाशी मिळून आम्ल तयार होतं आणि ते धातू खातं. पंप थांबवून काटा काही वेळ जागचा हलत नाही ना, हे पाहायचं. त्यानंतरच स्टिकरवरच्या आकड्याइतका गॅस मोजून भरायचा. डब्याच्या टॉप-अपमध्ये यातली पहिली तीन कामं होतच नाहीत. उलट नळीतली हवा आधी काढून टाकली नाही, तर तीही आत जाते.

तरीही ज्याला घरी भरायचंच आहे, त्यानं काही गोष्टींत तडजोड करू नये. डबा फक्त लो साइडला, म्हणजे जाड नळीवरच्या तोंडाला लावायचा. चूक होऊ नये म्हणून लो आणि हाय साइडच्या जोडांची मापं मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असतात. जुगाड करून डबा हाय साइडला जोडला, तर उलट्या दाबानं तो फुटू शकतो. चष्मा आणि हातमोजे घालायचे, जागा मोकळी हवी, जवळपास पेटती काडीही नको, कारण ज्वाळेत या गॅसचं विघटन होऊन विषारी वाफा तयार होतात. डबा भरण्याआधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला, तर किती ग्रॅम आत गेला ते निदान कळतं. ‘लीक स्टॉप’ मिसळलेला डबा मात्र हातातही घेऊ नये. हवा आणि ओलावा लागताच घट्ट होणारं ते रसायन व्हॉल्व्ह तुंबवतं आणि गॅरेजचं मशीनही बिघडवतं.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या वाटेला तर घरी जाऊच नये. तिथला कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो आणि त्याला वीज न वाहणारं खास तेल लागतं. सामान्य गाडीच्या डब्यातलं तेल त्यात मिसळलं, तर विजेचं इन्सुलेशनच धोक्यात येतं.

डब्यात आहे तरी काय, हाही प्रश्न उरतोच. २०११ साली व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये जहाजी मालवाहतुकीच्या रेफ्रिजरेटेड कंटेनरचे स्फोट होऊन माणसं दगावली. आर-१३४ए म्हणून भरलेल्या बनावट गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं. अॅल्युमिनियमशी त्याचा संयोग होऊन असं रसायन तयार झालं, जे हवा लागताच पेट घेतं. गाडीचा कंडेन्सर आणि कॉइलही अॅल्युमिनियमचीच असते. बिनबिलाचा, बिनकंपनीचा स्वस्त डबा घेताना हे आठवावं.

शेवटी प्रश्न फक्त एका गाडीचा नाही. पूर्वीच्या आर-१२नं ओझोनच्या थराला इजा केली, म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो हद्दपार झाला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे. एका छोट्या गाडीतला ४०० ग्रॅम गॅस हवेत सोडणं म्हणजे जवळपास अडीचशे लिटर पेट्रोल जाळण्याइतकं आहे. त्यामुळेच २०१७पासून युरोपात नव्या गाड्यांत या गॅसला मनाई आहे. कॅलिफोर्नियात २०१०पासून डब्याला आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सक्तीचा झाला आणि वापरलेला डबा परत यावा म्हणून दहा डॉलरची अनामत ठेवली गेली. भारतानंही २०२१ साली माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला मान्यता दिली. त्यानुसार २०४७पर्यंत आर-१३४एच्या वर्गातल्या गॅसांचा वापर ८५ टक्क्यांनी उतरवायचा आहे. आपल्या गॅरेजांत मात्र दुरुस्तीआधी उरलेला गॅस ‘फुस्स’ करून हवेत सोडण्याची सवय अजून गेलेली नाही.

ही सवय मोडण्याची सुरुवात गिऱ्हाईकच करू शकतो. एसीचं काम करून घेताना तीन गोष्टी ठामपणे विचाराव्यात : जुना गॅस किती ग्रॅम निघाला, गळती कुठे सापडली आणि नवा किती ग्रॅम भरला. ही तिन्ही उत्तरं बिलावर लिहून मागावीत. जिथे ती मिळत नाहीत, तिथे गाडी देऊ नये.