ओसाड घरे कोणाची?

पालकसभेत हल्ली अभ्यासापेक्षा मोबाईलचाच विषय जास्त निघतो. अम्मी तक्रार करतात, अब्बा मान हलवतात आणि शेवटी सगळे आमच्याकडे पाहतात, जणू मोबाईल शाळेनेच वाटले आहेत. गेम वाईट, गेम बंद करा, एवढ्यावर सभा संपते. कोणता गेम, त्यात मूल नेमके काय करते, हे विचारायला कोणी थांबत नाही. आम्ही जरा थांबून पाहायचे ठरवले.

वडूजच्या पोरांच्या तोंडी अजून ‘पबजी’ हेच नाव आहे. सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी घातली, पुढच्या वर्षी तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने परत आला आणि पोरांनी नव्या नावाकडे लक्षही दिले नाही. शंभर खेळाडू विमानातून छत्री लावून एका बेटावर उतरतात. बेटावर घरे आहेत, दुमजली इमारती आहेत, शाळासुद्धा आहे. मिळेल त्या घरात शिरायचे, बंदूक, गोळ्या, औषधाची पेटी हाताला लागेल ते उचलायचे आणि पुढचे घर गाठायचे. सगळ्यांना मारून जो उरतो, तो जिंकतो.

या खेळातल्या गोळीबारावर खूप लिहून झाले आहे, त्यात आम्ही भर घालत नाही. आमची नजर अडकली ती घरांवर. खोल्या आहेत, जिने आहेत, घरात राहणारे मात्र कोणी नाही. सगळे गाव उठून कुठे गेले, हे खेळणाऱ्याने विचारायचे नसते. मुले रोज संध्याकाळी एका उजाड गावात उतरतात, ते आणखी उजाड करतात आणि जेवायला येतात.

पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या एका भाच्याच्या संगणकावर मात्र आम्ही वेगळाच प्रकार पाहिला. ‘फायनल फँटसी चौदा’ हा स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा खेळ. आपण एक पात्र घ्यायचे, त्याला हुन्नर शिकवायचे आणि देशोदेशीच्या हजारो खेळाडूंबरोबर एकाच दुनियेत वावरायचे. त्याला महिन्याची वर्गणी लागते, त्यामुळे आमच्या मोहल्ल्यात तो कोणी खेळत असेल असे वाटत नाही. लढाया त्यातही भरपूर आहेत. पण पबजी जिथे सुरू होऊन तिथेच संपतो, त्या पडक्या वस्तीत या खेळाने खेळाडूंना वेगळे काम दिले आहे.

त्यात इशगार्ड नावाचे थंड प्रदेशातले एक शहर आहे. हजार वर्षे त्याचे ड्रॅगनांशी युद्ध चालले. युद्ध संपले, तह झाला, पण शहराचा एक भाग ढिगाऱ्याखाली राहिला आणि गोरगरीब उघड्यावर. २०१९ च्या अखेरीस खेळात या भागाच्या उभारणीचे काम निघाले. ते टप्प्याटप्प्याने पुढचे वर्षभर चालले, म्हणजे नेमके आपण सगळे टाळेबंदीत घरात अडकलो होतो त्या काळात.

या कामात तलवारबाजाच्या तलवारीला किंमत नव्हती. मागणी होती ती कारागिरांना. सुतार, लोहार, चिलखत घडवणारा, सोनार, चामड्याचे काम करणारा, विणकर, औषधे करणारा, आचारी असे आठ धंदे आणि त्यांना कच्चा माल पुरवणारे खाणकामगार, झाडपाला व लाकूड गोळा करणारे आणि मासे पकडणारे. ही यादी वाचली आणि आम्हाला हसू आले. आमच्या हजेरीपटावर मोमीन आहेत, पिंजारी आहेत, आत्तार, तांबोळी, बागवान आहेत. आडनावाचा धंदा बहुतेक घरांतून सुटला. पोरे गॅरेजमध्ये, बेकरीत किंवा मुंबईला. जपानमध्ये बसून कोणीतरी गाव उभे करायला कोण कोण लागते याचा हिशेब मांडला आणि तो आमच्या जुन्या मोहल्ल्याशी जुळला.

प्रत्येक सर्व्हरवरच्या लोकांनी मिळून काम पुरे करायचे होते. कोणी फळ्या आणून दिल्या, कोणी रांधलेले अन्न. एकेकाचा माल किरकोळ, पण पडद्यावरचा कामाचा आकडा सगळ्यांचा मिळून वर चढत होता. ठराविक वेळेला सगळे जागेवर जमून एकत्र कामही करत. आधी चौक साफ झाला, मग जिने, भिंती. याच खेळात डोमा नावाचे दुसरे गाव आहे, परकीय साम्राज्याच्या २५ वर्षांच्या राजवटीतून सुटलेले. तिथे दर आठवड्याला वस्तू द्यायच्या. त्यांचा मोबदला दुकानात मिळाला असता त्याहून जास्त मिळतो, पण आठवड्याची मर्यादा आहे. म्हणजे एखाद्या धनवानाने एका दिवसात सगळे गाव बांधून आपल्या नावाची पाटी लावायची सोय नाही. हा नियम आम्हाला फार आवडला.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. उभारणी झालेल्या त्याच भागात एप्रिल २०२२ पासून खेळाडूंना घरांसाठी भूखंड देण्यात आले आणि मागणी जास्त असल्यामुळे सोडत काढावी लागली. बेघरांसाठी सुरू झालेली वसाहत म्हाडाच्या वळणावर गेली. भाच्याने अर्ज केला होता, नंबर लागला नाही.

उर्दूत उजाडच्या उलट शब्द ‘आबाद’. मराठीत आपण वसवणे म्हणतो. उर्दू शिकवताना मुले हमखास विचारतात, आब म्हणजे पाणी, मग आबाद म्हणजे पाणी असलेले का? व्युत्पत्ती सांगणारे दुसरे काही सांगतात. पण खटाव तालुक्यातल्या मुलाला हीच समजूत पटणार. येरळा पावसाळ्यात वाहते आणि मग वाळूच उरते, हे पाहत ती मोठी होतात. आमच्याकडे गावे युद्धाने ओस पडली नाहीत. पाण्याने पाठ फिरवली म्हणून माणसे कापड गिरणीत, माथाडीत, मुंबईच्या चाळीत गेली आणि घरांना कुलपे लागली.

आणि ही गावे सावरण्याचा एक खेळही आमच्याकडे होऊन गेला आहे. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यात आमच्या शेजारचा कोरेगाव होता. २०१७ मध्ये खटाव आणि माण आले. आठ एप्रिल ते बावीस मे, म्हणजे ४५ दिवस. श्रमदानाला गुण, यंत्राने केलेल्या कामाला गुण, शोषखड्ड्यांना गुण, रोपवाटिकेला गुण, बेरीज शंभराची. बघायला गेले तर हाही खेळच: ठरलेली मुदत, दिसणारा आकडा, शेजारच्या गावाशी चुरस. त्या वर्षी खटावच्या भोसरे गावाला राज्यात विभागून दुसरा क्रमांक मिळाला, पुढच्या वर्षी माणच्या टाकेवाडीने पहिला पटकावला. आम्ही स्वतः पाहिले आहे की एप्रिलच्या उन्हात, पहाटेच्या नमाजनंतर मोहल्ल्यातली मुले टिकाव-पाटी घेऊन डोंगराकडे निघत आणि चर खणताना शेजारी कोणाचा पोरगा आहे हे विचारायची कोणाला सवड नसे. स्पर्धा संपल्यावर काही गावांत सगळे थंडावले, हेही खरे.

खेळातून खऱ्या जागा आखण्याचा प्रयोगही जगात झाला आहे. ‘माइनक्राफ्ट’ हा ठोकळे रचण्याचा खेळ आमच्या शाळेतल्या बारक्या मुलांनाही माहीत आहे. तो बनवणारी स्वीडनची मोजांग कंपनी आणि संयुक्त राष्ट्रांची वसाहतींसाठी काम करणारी संस्था यांनी २०१२ मध्ये ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू केला. अभियंत्याचा नकाशा सामान्य माणसाला वाचता येत नाही, म्हणून तो गप्प बसतो. ठोकळ्यांचे गाव मात्र शाळेत न गेलेल्या आजीलाही कळते. इथे भिंत नको, दिवा हवा, असे ती बोट ठेवून सांगू शकते. युद्ध पाहिलेल्या कोसोवोत, प्रिस्टिनाच्या जुन्या भाजीबाजाराची जागा अशी आखली गेली. गाझापट्टीत रफाहजवळच्या अल-शोका गावात बायका-मुलींसाठी बाग करायची होती, तेव्हा संगणकासमोर बसवले ते त्या बायका-मुलींनाच. आज रफाहचे काय झाले आहे, ते वाचक रोज बातम्यांत पाहतात.

हे वाचून आम्ही आठवीच्या वर्गात एक तास घालवला. आधी विचारले, पबजीत ज्या घरात शिरता ते कोणाचे? मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, तिथं कोण राहतच नाही.” आधी कोण राहत असेल? यावर वर्ग गप्प. मग चौकटीच्या वहीचे पान प्रत्येकाला दिले आणि सांगितले, हे गाव पुन्हा वसवा. एक चौकट म्हणजे एक खोली.

मुलांनी सगळ्यात आधी क्रिकेटचे मैदान काढले. मग मोबाईलचा टॉवर, मशीद, मंदिर, बिर्याणीचे हॉटेल. विहीर पंधरा मिनिटांनी आली, खटावची मुले असूनही. मुलींची पाने वेगळी होती. दोघींनी शौचालय घराजवळ काढले आणि वाटेवर दिवे. एकीने एस.टी. स्टँडपासून शाळेपर्यंतचा रस्ता सरळ केला, कारण तिला रोज वळसा पडतो. एका मुलाने नुसता कोरा मोठा चौकोन ठेवला होता. हे काय, म्हटल्यावर म्हणाला, “कब्रस्तान. लोकं मेली असतील ना आधीची.” हा मुलगा वर्गात क्वचित बोलतो.

ठोकळ्यांच्या खेळात ढिगारा एका टिचकीसरशी नाहीसा होतो. खरा ढिगारा कसा असतो ते मोसुलने पाहिले. इराकमधल्या या शहराची अल-नूरी मशीद आणि तिचा बाराव्या शतकातला कललेला मिनार, ज्याला तिथले लोक ‘अल-हदबा’ म्हणजे कुबडा म्हणत, जून २०१७ मध्ये दाइशने स्फोटाने उडवला. स्वतःला इस्लामचे राज्य म्हणवणाऱ्यांनी आठशे वर्षे नमाज झालेली जागा उडवली, हे लिहिताना आजही हात थांबतो. २०१८ मध्ये युनेस्कोने काम हाती घेतले, पैसा मुख्यतः संयुक्त अरब अमिरातीने दिला. पहिली कित्येक पावले बांधण्याची नव्हतीच. ढिगाऱ्यात सुरुंग होते, न फुटलेले बॉम्ब होते. २०२४ मध्ये, काम बरेच पुढे गेल्यावरही, नमाजच्या दालनाच्या भिंतीत लपवलेले पाच बॉम्ब सापडले. जुन्या विटा एकेक वेचून, तपासून मिनारात परत बसवल्या. मिनार जसा कलला होता तसाच पुन्हा उभा केला, कारण सरळ मिनार मोसुलवाल्यांना आपला वाटला नसता. त्याच पैशातून अल-ताहिरा चर्च आणि अल-सा’आ हे घड्याळाचे चर्चही उभे राहिले. जुन्या शहरातली १२४ घरे युरोपीय संघाच्या मदतीने दुरुस्त झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये मशिदीचे रीतसर उद्घाटन झाले.

मोसुलमधून गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी अनेक परतलेली नाहीत. चर्चची घंटा वाजते, पण बाके भरायला माणसे हवीत. जवळचेच उदाहरण द्यायचे तर, सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्याच खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून दंगल उसळली. मशिदीवर हल्ला झाला, दुकानांची मोडतोड, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. पूर्ण जिल्ह्याचे इंटरनेट बंद होते. त्या दिवसांत मुलांचे गेमही बंद पडले आणि बऱ्याच घरांत मुलांनी पहिल्यांदा विचारले की काय झाले आहे.

दुकानाचे शटर बदलता येते, काच बसवता येते, त्याला किती दिवस लागतात हे कुठलाही मिस्त्री सांगेल. पण त्या शटरसमोर पूर्वीसारखा उधारीवर चहा कधी मागितला जाईल, त्याचे गुण कोणत्याही स्पर्धेत धरलेले नाहीत. वॉटर कपच्या चरात शेजारी-शेजारी खणणारी पोरे आणि पोस्ट पुढे पाठवणारी पोरे एकाच वयाची असतात, हे आम्ही शिक्षक म्हणून विसरू शकत नाही.

वर्गातली ती पाने आम्ही भिंतीवर लावली. दुसऱ्या दिवशी दिवे काढणाऱ्या मुलींपैकी एक आली. तिच्या पानावर घरे एका ओळीत होती आणि तिला नावे घालायची होती. तिने विचारले, “सर, जे भांडण करून गेले ते परत आले, तर त्यांना जुनंच घर द्यायचं, का लांब द्यायचं?” आम्ही तो प्रश्न फळ्यावर लिहिला. वर्ग दोन तासांनंतरही त्यावर भांडत होता, आणि मधली सुट्टी झाल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही.