हेडसेटचा मायक्रोफोन मुका झाल्यास

एका शाळाभेटीत इयत्ता तिसरीतील मुलीचे वाचन लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करण्याचा पाठ चालू होता. मुलीने उतारा तीनदा वाचला. तिन्ही वेळा लॅपटॉपच्या पंख्याची घरघर स्पष्ट आणि तिचा आवाज अंधुक उमटला. ‘मोठ्याने वाच’ असे तिला सांगणाऱ्यांत मीही होतो. चौथ्या वेळी तिला रडू कोसळले. दोष तिच्या आवाजात नव्हता. लॅपटॉप हेडसेटऐवजी स्वतःच्याच अंतर्गत मायक्रोफोनने ऐकत होता. यंत्राची चूक बालकाच्या माथी येऊ नये, यास्तव उबुंटूसारख्या मुक्त-स्रोत प्रणालीवर करावयाची तपासणी येथे क्रमाने देत आहे. क्रम बाहेरून आत, असा ठेवावा.

१. पिन : ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर तीन वलये असतील तर तिचे चार भाग पडतात : डावा कान, उजवा कान, सामाईक परतीची वाट आणि मायक्रोफोन. दोनच वलये असल्यास मायक्रोफोनला वाटच उरत नाही. ऐकण्याची व बोलण्याची अशा दोन स्वतंत्र पिना असून लॅपटॉपला एकच छिद्र असेल, तर दोहोंना एकत्र आणणारी जोडतार लागते. पिन पूर्ण आत गेली आहे, याचीही खात्री करावी.

२. हेडसेट : तारेवर आवाज बंद करण्याचे बटण असल्यास ते पाहावे. नंतर छिद्र असलेल्या मोबाइलला हेडसेट जोडून थोडे ध्वनिमुद्रण करावे. तेथे आवाज नीट उमटला, तर हेडसेट निर्दोष समजावा.

३. प्रणालीचा प्रश्न : पिन घालताच काही लॅपटॉपवर ‘हेडफोन्स, हेडसेट की मायक्रोफोन?’ अशी विचारणा होते. कारण काय जोडले आहे हे त्या यंत्रास स्वतः ओळखता येत नाही. येथे ‘हेडसेट’ निवडावे. घाईने ‘हेडफोन्स’ निवडल्यास कानात ऐकू येते, पण बोलणे हेडसेटमधून घेतले जात नाही. आमची चूक नेमकी हीच होती. पिन काढून पुन्हा घातल्यास प्रश्न पुन्हा येतो.

४. सेटिंग्ज : ‘साउंड’ या विभागात ‘इनपुट’खाली हेडसेटचा मायक्रोफोन निवडावा व आवाजाची पट्टी वाढवावी. मग हेडसेटच्या मायक्रोफोनवर बोट हलकेच घासावे. दर्शक पट्टी हलली, तर मार्ग मोकळा आहे. लॅपटॉपजवळ टिचकी वाजवल्यावरच ती हलत असेल, तर अंतर्गत मायक्रोफोन चालू आहे.

५. अल्सामिक्सर : एवढ्याने भागले नाही, तर टर्मिनल उघडून रोमन लिपीत ए, एल, एस, ए, एम, आय, एक्स, ई, आर ही अक्षरे सलग टंकून एंटर दाबावे. एफ-६ने लॅपटॉपचे ध्वनिकार्ड निवडावे, एफ-४ने ध्वनिग्रहणाचे स्तंभ पाहावेत. ‘कॅप्चर’ स्तंभ बंद असल्यास स्पेसबारने सुरू करून वरच्या बाणाने पातळी वाढवावी. एस्केपने बाहेर यावे.

बिनतारी हेडसेटची गोष्ट थोडी निराळी आहे. संगीतासाठी असलेल्या ब्लूटूथ रचनेत सहसा मायक्रोफोन बंद राहतो. ‘साउंड’मधील ‘कॉन्फिगरेशन’मध्ये ‘हेडसेट’ शब्द असलेली रचना निवडली की तो चालू होतो. त्यामुळे कानातील आवाज काहीसा उणा वाटतो. तो बिघाड नव्हे.

ही सारी तपासणी मुले वर्गात येण्यापूर्वी करावी, आणि शिक्षकाने प्रथम स्वतःचे एक वाक्य मुद्रित करून ऐकावे. शिक्षकाचा आवाज उमटल्यावरच बालकाच्या हाती हेडसेट द्यावा. त्या मुलीने पुढे पाचव्यांदा वाचन केले, आपला आवाज ऐकला आणि एक चुकलेला शब्द आपणहून सुधारला. या साधनाचा खरा उपयोग तो हाच.