हृदयधमनी उपचारातील दाबमापन आणि प्रतिमांकन
दाबमापन आणि प्रतिमांकन या हृदयधमनीतील अरुंद जागी स्टेंट बसवावा की नाही, हे ठरवण्याच्या दोन पद्धती आहेत. अँजिओग्राफीत धमनीच्या पोकळीची केवळ छाया दिसते. त्यामुळे ४० ते ७० टक्के अरुंद झालेल्या धमनीबाबत निर्णय घेणे कठीण असते.

दाबमापन
प्रेशर वायर ही बारीक तार अडथळ्यापलीकडे नेली जाते. औषधाने रक्तप्रवाह वाढवून तेथील दाबाला महाधमनीतील दाबाने भागतात. हे गुणोत्तर (एफएफआर) ०.८० किंवा त्याहून कमी असल्यास अडथळ्यामुळे हृदयस्नायूचा रक्तपुरवठा घटत असल्याचे मानले जाते.

प्रतिमांकन
आयव्हस पद्धतीत ध्वनिलहरींनी, तर ओसीटीमध्ये प्रकाशाने धमनीचे आतून चित्रण होते. पोकळीचे क्षेत्रफळ, भिंतीवरील थर आणि बसवलेला स्टेंट पूर्ण उघडला की नाही, हे त्यातून कळते. रक्तपुरवठा मात्र थेट मोजला जात नाही.

तुलना
दक्षिण कोरिया व चीनमधील १,६८२ रुग्णांवरील ‘फ्लेवर’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. २४ महिन्यांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा रक्तवाहिनी उघडण्याची वेळ, यांपैकी काही घडण्याचे प्रमाण एफएफआर गटात ८.१ टक्के, तर आयव्हस गटात ८.५ टक्के होते. अँजिओप्लास्टी मात्र अनुक्रमे ४४.४ व ६५.३ टक्के रुग्णांवर झाली. म्हणजेच दाबमापनाने कमी रुग्णांवर अँजिओप्लास्टी करूनही परिणाम जवळपास सारखेच राहिले. स्टेंट बसवायचे ठरल्यावर त्याचा आकार निवडण्यास व तो तपासण्यास प्रतिमांकन उपयोगी पडते. त्यामुळे या पद्धती परस्परपूरकही ठरतात.