चॅटजीपीटीचा अहवाल तपासायचा कसा?

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, पण तोडलेला बांबू बाहेर नेण्याचा परवाना मात्र वनखात्याच्याच हाती राहिला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं, तेव्हा कुठे ती अडचण सुटली. या गावावर प्रकल्प लिहायचा तर पूर्वी विद्यार्थी ग्रंथालय गाठायचा, नाहीतर सीनियरचा अहवाल झेरॉक्स करायचा. आता मोबाइलवर चॅटजीपीटी उघडलं की काही मिनिटांत पानं तयार होतात.

ती पानं कितपत खरी?

हा प्रश्न आता वरचेवर पडणार आहे. नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांनाही क्षेत्रीय प्रकल्प करायचे आहेत. इथल्या अनेकांच्या घरात गोंडी किंवा माडिया बोलली जाते, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेरा भागातल्या काही गावांत बंगाली. मराठी शाळेत भेटते आणि इंग्रजी त्याहून लांबची. अशा मुलाला वाक्यं नीट करून देणारं, अवघड इंग्रजी लेख मराठीत समजावणारं साधन मिळालं, तर ती मदतच आहे. भाषेच्या कामात ही साधनं उपयोगी पडतात. घोळ होतो तो माहितीत.

पहिली कसोटी संदर्भांची. २०२३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटीने दिलेले ६३६ संदर्भ तपासले गेले. जीपीटी-३.५ या त्याच्या जुन्या आवृत्तीने दिलेले ५५ टक्के संदर्भ अस्तित्वातच नव्हते. जीपीटी-४ चं हे प्रमाण १८ टक्के निघालं. नवी साधनं इंटरनेटवर शोध घेतात, त्यामुळे चुका कमी होतात, थांबत नाहीत. कारण हे यंत्र मुळात पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधतं. खरं आणि खऱ्यासारखं यांत त्याला फरक करता येतोच असं नाही.

गडचिरोलीचंच उदाहरण घ्या. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचे दोन लेख ‘लॅन्सेट’मध्ये गाजले. १९८९ चा लेख दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीवर होता; त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांमध्ये स्त्रीरोग आढळले. १९९९ चा लेख घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या प्रयोगावर होता. ३९ गावांत प्रयोग झाला, ४७ गावं तुलनेसाठी होती आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. जिल्हा तोच, नियतकालिक तेच, आडनावही तेच. एकाचं वर्ष आणि दुसऱ्याचे आकडे जुळवून तिसराच लेख तयार व्हायला एवढं पुरेसं आहे. पण ‘पबमेड’वर शीर्षक टाकलं की खरं-खोटं फुकटात कळतं.

दुसरी कसोटी स्थळाची. ‘लोकसहभागातून शाश्वत विकास साधला’ हे वाक्य मेंढ्यालाही चालतं आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला चालतं. अहवालात हक्क कधी मिळाला, परवाना कुणाकडे होता, ग्रामसभेने काय ठरवलं हे नसेल, तर भाषा कितीही गुळगुळीत असो, अहवाल पोकळच.

मग यंत्राने लिहिलेलं यंत्रानेच पकडावं, असं पुष्कळांना वाटतं. तिथे तर जास्तच सावध राहायला हवं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतः काढलेलं ओळखयंत्र एआयचा फक्त २६ टक्के मजकूर पकडू शकलं आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने खोटा आळ घेतला. जुलै २०२३ मध्ये कंपनीने ते मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजी परीक्षेतले ९१ निबंध सात ओळखयंत्रांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर ‘एआय’चा शिक्का बसला. ठरावीक शब्द, साधी वाक्यं, कमी वळणं हेच या यंत्रांना यंत्राचं लेखन वाटतं. भामरागडहून शिकायला आलेली मुलगी जपून, सोपं इंग्रजी लिहिते. शिक्का सगळ्यांत आधी तिच्यावर बसेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याबाबतच्या २०१८ च्या नियमांचाही इथे गोंधळ होतो. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर संशोधकाची नोंदणी रद्द होते. पण ही मोजणी आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी जुळणाऱ्या शब्दांची आहे आणि नियम चॅटजीपीटीच्या आधीचे आहेत. यंत्र बहुतेक वाक्यं नवीन जुळवतं, त्यामुळे साम्य शून्याच्या आसपास येऊ शकतं. कमी टक्का म्हणजे स्वतःचं लेखन, असा दाखला त्यातून मिळत नाही.

म्हणून महाविद्यालयांनी नुसत्या टक्क्यावर कुणाचा अहवाल नाकारू नये. कोणतं साधन कशासाठी वापरलं, हे विद्यार्थ्याकडून पहिल्याच पानावर लिहून घ्यावं. गावातल्या भेटींची वही अहवालासोबत मागावी. तोंडी परीक्षेत कोणतेही तीन संदर्भ समोर उघडून दाखवायला सांगावेत आणि गुणांचा मोठा वाटा वही आणि तोंडी परीक्षा या दोन गोष्टींना द्यावा. यासाठी नवं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. मार्गदर्शकाला प्रत्येक विद्यार्थ्यामागे पंधरा-वीस मिनिटं मात्र द्यावी लागतील.