दवाखान्यातला बिनतारी फोन

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने "विषय वैद्यकीयच हवा असे नाही" अशी सवलत दिली आहे. तिचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे. हृदयरोग, मधुमेह आणि सांधेदुखी यांवर लिहिण्यास आपल्या मंडळात माझ्याहून अधिकारी सभासद पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे दवाखान्यातल्या फोनवर, त्यातही तार नसलेल्या फोनवर. विषय क्षुल्लक वाटेल, परंतु माझ्या चाळीसहून अधिक वर्षांच्या व्यवसायातले दोन प्रसंग मला आजही अस्वस्थ करतात, आणि त्या दोन्हींत निदान चुकले नव्हते, औषधही चुकले नव्हते.

निमित्त घडले ते असे. गेल्या दिवाळीनंतर आमच्या सूनबाईंनी, त्या बालरोगतज्ज्ञ आहेत, रामबागेतल्या माझ्या जुन्या दवाखान्यात बसावयास सुरुवात केली. रंगरंगोटी झाली, नवे फर्निचर आले. "बाबा, हा लँडलाइन आता ठेवायचा का?" असे त्यांनी विचारले तेव्हा मी घाईने हो म्हटले. हा क्रमांक माझ्या हजारो चिठ्ठ्यांवर छापलेला आहे. इंदूरच्या जुन्या घरांत देवघराशेजारच्या भिंतीवर तो खडूने लिहिलेला मी पाहिला आहे. शिवाय मोबाईल हा माणसाचा असतो आणि दवाखान्याचा फोन हा दवाखान्याचा असतो. डॉक्टर गावाला गेले तरी तो कोणीतरी उचलतो. सूनबाईंना हे पटले. मात्र फोन बिनतारी हवा, तपासणीच्या खोलीतून उठून टेबलापर्यंत धावणे नको, ही त्यांची अट होती. नवा संच जोडण्याचे काम अर्थातच घरातल्या निवृत्त माणसाकडे आले.

टेलिफोनच्या इतिहासात आपल्या व्यवसायाशी लागून असलेला एक गृहस्थ आहे, त्याची आठवण इथे केल्यावाचून राहवत नाही. ऑपरेटरवाचून आपोआप जोडणी करणारे एक्स्चेंज शोधून काढणारा आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा अंत्यसंस्काराचा व्यावसायिक होता. एक्स्चेंजमधली ऑपरेटर बाई आपल्याकडे येणारे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणतात. १८९१ साली त्याला पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. आपल्यापर्यंत यावयाचा फोन आपल्यापर्यंत पोहोचला नाही, या एका दुःखापोटी माणसाने एवढा खटाटोप केला. मला ते दुःख पुढे चांगलेच समजले.

माझ्या दवाखान्यात पहिला फोन तीन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आला. काळा, जड आणि गोल तबकडीचा. तो टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात बसला तो बसलाच. १९९६ साली मी हौसेने पहिला बिनतारी संच घेतला. त्याला लांब, ओढून काढावयाची अँटेना होती. दवाखाना खाली आणि बिऱ्हाड वर, त्यामुळे रात्री फोन आला की अंधारात जिना उतरावा लागे. आता हँडसेट उशाशी ठेवता येऊ लागला. काळा फोन मी पुसून कपाटात ठेवून दिला. इथे माझी पहिली चूक झाली.

पुढच्या वर्षीच्या आषाढी एकादशीची रात्र. पाऊस कोसळत होता आणि संध्याकाळपासून वीज नव्हती. मी जेवून झोपलो. रात्री साडेअकराच्या सुमारास दार जोरजोरात वाजले. नारायणबागेतल्या एका जुन्या रुग्णबाईंचा मुलगा नखशिखान्त भिजून उभा होता. आईला दरदरून घाम सुटला आहे, ती असंबद्ध बोलते आहे, आता तर हाकेला ओही देत नाही. बाई मधुमेहाच्या. ग्लायबेनक्लामाइडची गोळी त्यांनी नियमाने घेतली होती आणि एकादशी मात्र निर्जळ केली होती. त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी गेलो, शिरेतून २५ टक्के ग्लुकोज दिले, आणि काही मिनिटांत बाईंनी डोळे उघडले. सगळा प्रकार कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टर, माझी एकादशी मोडली का हो?" शिरेतून दिलेली साखर उपवासाला चालते, असे मी त्यांना ठामपणे सांगितले. शास्त्राधार विचारू नये.

जाताना मुलगा मला सोडावयास आला. तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, मी पाच वेळा फोन केला. घंटी वाजत होती." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते अधिक लागले. फोन वाजलाच नाही, असे मी सांगितले. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटले नाही हे मला दिसले. पटावे तरी कसे? त्याने स्वतःच्या कानांनी घंटी ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी लाइनमनला विचारले तेव्हा उलगडा झाला. फोन करणाऱ्याला जी घंटी ऐकू येते ती समोरच्या यंत्राची नसतेच. एक्स्चेंज ती त्याला ऐकवते. एक्स्चेंज आमच्या तारेत घंटीचा प्रवाह इमानाने सोडत होते, परंतु बिनतारी संचाच्या बेसला भिंतीतली वीज लागते आणि ती गेलेली होती. त्यामुळे तिकडे घंटी आणि इकडे शुकशुकाट. जुन्या काळ्या फोनला विजेची गरजच नव्हती. त्याला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून त्याच तांब्याच्या तारेने येत, आणि घंटीच्या वेळी तोच दाब पाऊणशे व्होल्टच्या घरात जाई. सबंध इंदूर अंधारात असते तरी तो वाजला असता. पहिल्याच फोनला मी उत्तर दिले असते, आणि बाई गिळू शकत होत्या तोवर साखरेचे पाणी पाजा एवढे एकच वाक्य पुरले असते. त्याऐवजी त्या सुमारे पाऊण तास तशाच पडून होत्या. त्या दिवशी कपाटातला काळा फोन बाहेर आला आणि त्याच तारेवर समांतर जोडला गेला.

दुसरा प्रसंग १९९९ चा. तो लिहावा की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. एका कुटुंबातल्या मुलीच्या थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू आढळले. घरात तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. वडिलांचा फोन आला तेव्हा मी वर गच्चीत होतो. खाली उतरून टेबलावरच्या फोनवर बोलणे सहज शक्य होते. पण बिनतारी फोनचे सुख असे की माणूस फेऱ्या मारत बोलू लागतो. मी संध्याकाळच्या वाऱ्यात येरझारा घालत त्यांना सगळे समजावले: सहा महिन्यांचा उपचार, नियमितपणा, आजार पूर्ण बरा होतो, लग्नाला तेवढे थांबा. मुलीचे नावही दोनतीनदा घेतले.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतले एक व्यापारी बोलता बोलता म्हणाले, "काल फोन लावायला उचलला तर तुमचाच आवाज! अमक्यांच्या मुलीला क्षय झाला म्हणे?" त्यांच्याकडे माझ्यासारखाच संच होता. त्या काळचे ते संच चाळीस-पन्नास मेगाहर्ट्झच्या आसपास, मोजक्या ठरीव चॅनलांवर, कसलीही गुप्तता नसलेल्या साध्या रेडिओसारखे बोलत. एका चॅनलवरचे दोन संच जवळ आले की एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू जाई. आपण दवाखान्याचे दार लावून जे हळू आवाजात सांगतो, ते मी मोहल्ल्याला प्रक्षेपित केले होते.

मी त्याच संध्याकाळी त्या घरी गेलो आणि घडले ते सांगितले. वडिलांनी ऐकून घेतले, चहा दिला, काही बोलले नाहीत. त्यानंतर ते कुटुंब माझ्या दवाखान्याची पायरी चढले नाही. मुलीने दुसऱ्या डॉक्टरांकडे उपचार पूर्ण केला, एवढे मी त्या सहकाऱ्यांकडून कळवून घेत राहिलो. ते स्थळ टिकले की नाही हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

म्हणून नवा संच आणताना मी दुकानदाराला एवढे प्रश्न विचारले की तो कंटाळला. हे नवे संच 'डेक्ट' पद्धतीचे असतात. हे प्रमाण मूळ युरोपातले, १९९० च्या दशकाच्या आरंभीचे. आपल्या मद्रास आय. आय. टी. मध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने ह्याच तंत्रावर 'कॉरडेक्ट' नावाची बिनतारी जोडणी विकसित केली होती. आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते, दर सेकंदाच्या शंभराव्या भागाचे चोवीस तुकडे पडतात, बारा जाण्याचे व बारा येण्याचे, आणि हँडसेट स्वतःच मोकळी वाट शोधून घेतो. बोलणे सांकेतिक करण्याची सोय त्यात आहे. मात्र २००८ साली संशोधकांनी दाखवून दिले की बाजारातल्या अनेक संचांत ती सोय वापरलेलीच नसते आणि साध्या संगणकाला स्वस्त कार्ड लावून असे बोलणे ऐकता येते. तेव्हा शेजाऱ्याच्या कानी अपघाताने पडण्याची भीती गेली, एवढेच म्हणावे. नाजूक रिपोर्ट मी आजही रुग्णाला बोलावून समोर बसवून सांगतो.

जोडणीत कठीण काही नाही. घाई मात्र करू नये. बेस मी प्रथम लोखंडी कपाटावर ठेवला होता. उंच जागा म्हणून बरी वाटली, पण लोखंड लहरींना अडवते आणि वरच्या मजल्यावर आवाज तुटू लागला. आमच्या जुन्या बांधणीच्या जाड भिंतीही आडव्या येतात. मोकळ्या मैदानात तीनशे मीटर जाणारा फोन घरात पन्नास मीटरही कसाबसा जातो. अखेर जिन्याच्या कोनाड्यात बेस बसवला, तिथून खालीवर दोन्हीकडे आवाज स्वच्छ जातो. हँडसेटमध्ये निकेल-मेटल हायड्राइडच्या दोन छोट्या पुनर्भारित बॅटऱ्या असतात. पहिल्यांदा त्या पुस्तिकेत सांगितले तितके तास, बहुधा पंधरा-सोळा तास, चार्जिंगला ठेवाव्या. त्या संपल्या म्हणून घड्याळातले साधे सेल घालू नयेत, बेसवर ठेवताच ते तापून फुटण्याचा संभव असतो. दुसरा हँडसेट स्वागतकक्षात हवा असल्यास बेसवरील बटण दाबून धरून त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी जो सांकेतिक क्रमांक मागितला जातो तो कारखान्यातून बहुधा चार शून्ये असाच येतो. तो त्याच दिवशी बदलावा.

रुग्णवाहिका, रक्तपेढी आणि जवळचे रुग्णालय यांचे क्रमांक मी एकेका बटणावर बसवले. एक गोष्ट नवशिक्याला हमखास फसवते: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन लावताना आधी शून्य फिरवावे लागते. साठवलेल्या क्रमांकांतही ते शून्य घालावे.

आणखी एक गोष्ट शल्यविशारदांनी तरी मनावर घ्यावी. काळा फोन टेबल सोडून कुठे जात नसे. हा हँडसेट मात्र ड्रेसिंगच्या खोलीत जातो, तिथून चहाच्या टेबलावर, तिथून सूनबाईंच्या हातात आणि त्याच हाताने बाळाच्या पोटावर. दिवसातून दोनदा तो अल्कोहोलने ओलावलेल्या कापसाने पुसण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे. फवारा थेट मारू नये, बटणांतून पाणी आत शिरते.

विजेचा प्रश्न पुन्हा निराळ्या रूपाने आला आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली तांब्याची तार जाऊन काचतंतू आला. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचा आधार संपला आणि माझा काळा फोनही आता भिंतीवरच्या छोट्या पेटीच्या विजेवर जगतो. सूनबाईंनी इन्व्हर्टर बसवला होता, पण इलेक्ट्रिशियनने त्यावर दिवे, पंखे आणि संगणक जोडले. फोनचा बेस आणि काचतंतूची पेटी ज्या प्लगवर होती तो प्लग तेवढा राहून गेला. मी हट्ट धरून तो जोडून घेतला.

आता दर महिन्याच्या एक तारखेला रात्री मी मेन स्विच पाडतो आणि वरून मोबाईलने दवाखान्याचा क्रमांक लावतो. माझ्या कानातल्या घंटीवर माझा विश्वास नसल्यामुळे दार उघडे ठेवून खालची घंटी ऐकतो. मागच्या महिन्यात ती दुसऱ्याच क्षणी वाजली, स्वागतकक्षातल्या नव्या मुलीने उचललीही, आणि अत्यंत अदबीने मला सांगितले, "बड़े डॉक्टरसाहब ऊपर आराम कर रहे हैं, सुबह दस बजे फोन कीजिए."