नाल्याखालचा पाइप

"अक्का, नीर नारताव री!" शेजारच्या अव्वांनी कुंपणावरून हाक मारली. दोन्ही घरांचा आड एकच. बादली ओढून पाहिली, तर पाणी दिसायला स्वच्छ, पण नाकाजवळ नेववेना. आड बंद केला आणि आम्ही दोघी नाल्याच्या काठाने शोधाला निघालो.

फार लांब जावं लागलं नाही. ड्रेनेजचा जुना सिमेंटचा पाइप नाला ओलांडतो, तिथेच उघडा पडला होता आणि सांध्यातून काळं पाणी झिरपत होतं.

ड्रेनेज उतारानं वाहतं, त्यामुळे वाटेत नाला आला की पाइप बहुधा त्याच्या तळाखालून न्यावा लागतो. घालताना वर माती असते. दर पावसाळ्यात पूर ती खरवडून नेतो. मग वाहून आलेले ओंडके आदळतात, सांधे निखळतात. शिवाय मैल्यातून सुटणाऱ्या वायूचं पाइपच्या माथ्याशी आम्ल बनतं आणि ते सिमेंट आतून खातं. बाहेरून पाइप धडधाकट दिसतो, हीच फसगत! उन्हाळ्यात मैला बाहेर झिरपतो. पावसाळ्यात उलट नाल्याचं पाणी आत घुसतं आणि गल्लीतले चेंबर उसळतात. 2019 च्या ऑगस्टमधला बेळगावचा पूर आठवा. बळ्ळारी नाल्याकाठच्या वडगाव-शहापूर शिवारात बासमती पिकवणाऱ्यांना तर नाल्यात काय वाहतं हे वेगळं सांगायला नको.

अर्ज अव्वांच्या मुलानं कन्नडमध्ये लिहिला, सह्या दोन्ही भाषांत झाल्या. आधी माणसं आली आणि सांध्याला सिमेंट फासून गेली. पहिल्याच पावसात ते वाहून गेलं. (बिल मात्र निघालं असणार!) पुन्हा हेलपाटे. अखेर पुढच्या उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, खरं काम झालं. वाळूच्या पोत्यांचा बांध घातला, वरच्या चेंबरमधला मैला पंपानं खालच्या चेंबरात सोडला, तळाच्या बऱ्याच खाली चर खणून लोखंडी पाइप टाकला आणि त्याला चहूबाजूंनी काँक्रीट केलं.

आड उपसला, ब्लीचिंग पावडर टाकली, पाणी दोनदा तपासून घेतलं. अहवाल चांगला आला. तरी अव्वा अजून सकाळची पहिली बादली हुंगूनच पाहतात, आणि मग मला हाक मारतात.